तेहतीस नॉटसाठी किती फूट?

इंजिनाची ताकद दुप्पट केली की जहाजही त्याच मापात जोरात पळणार, हा समज लोकांच्या मनात फार घट्ट बसलेला आहे. काल्पनिक युद्धनौकांचे जे ॲनिमेशन व्हिडिओ सगळीकडे फिरतात, त्यांतल्या अजस्र तोफा घेऊन ४० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) धावणाऱ्या नौका याच समजातून जन्मतात. तो खोडून काढायचा असेल तर स्प्रिंगशार्प हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडावं आणि एक वेगवान बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची, पण वेगासाठी चिलखत कमी केलेली युद्धनौका) स्वतः आखून बघावी. लांबी, रुंदी, तोफा, चिलखत आणि वेग भरला की ही नौका तरेल का, कलंडेल का, मधोमध मोडेल का, हे ते आकड्यांत सांगतं.

आपण ब्रिटनमध्ये १९१९ साली बांधायला घेतलेली एक नौका धरू. तीन टरेटांत (तोफांच्या फिरत्या चिलखती बुरुजांत) १५ इंची सहा तोफा, कडेला १० इंचांचा चिलखती पट्टा आणि वेग ३३ नॉट.

बहुतेक जण तोफांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी सांगाडा ठरवायचा. पाणरेषेवरची लांबी ८२० फूट, रुंदी ९५, पाण्याखालची खोली २८. या मापांच्या चौकोनी ठोकळ्यातला किती भाग नौकेने प्रत्यक्ष व्यापला, तो ब्लॉक कोइफिशंट. वेगवान नौकेला ०.५६ ठीक. चारही आकड्यांचा गुणाकार करून ३५ने भागा, कारण समुद्राचं ३५ घनफूट पाणी एक टन भरतं. उत्तर सुमारे ३४,९०० टन. आर्किमिडीजच्या नियमाने हेच आपलं एकूण वजन. तोफा, पोलाद, तेल सगळं यातच बसवायचं.

आता वेग. चालती नौका लाटा उठवते आणि त्या लाटा नौकेच्याच वेगाने तिच्याबरोबर पुढे सरकतात. खोल पाण्यात लाटेचा वेग आणि तिची लांबी यांचं नातं पक्कं असतं: लांबी म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले २π, भागिले गुरुत्वत्वरण. २० नॉटला ही लाट सुमारे ६८ मीटरची असते. आपली नौका २५० मीटरची, म्हणजे तिच्या अंगालगत साडेतीनहून जास्त लाटा मावतात. ३३ नॉटला लाट १८५ मीटरची होते. ३८ नॉटच्या जरा पुढे ती थेट २५० मीटरची, नौकेएवढीच. मग पुढचं टोक शिखरावर आणि मागचा भाग खोल बसायला लागतो. नौका स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. मधल्या वेगांतही पुढच्या टोकाची लाट आणि मागच्या टोकाची लाट कधी एकमेकींना खातात, कधी फुगवतात, म्हणून रोधाचा आलेख सरळ न चढता उंचवटे घेत चढतो. हलक्या विनाशिका टनामागे प्रचंड अश्वशक्ती घेऊन हा चढ ओलांडतात. ३५ हजार टनांना ते परवडत नाही.

विल्यम फ्रूड यांनी १८७२ साली इंग्लंडमध्ये टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून नौकांच्या छोट्या प्रतिकृती ओढल्या आणि पाण्याचं घर्षण वेगळं, लाटांचा रोध वेगळा, हे दाखवलं. वेग भागिले लांबीचं वर्गमूळ हे गुणोत्तर सारखं असेल, तर एकाच आकाराच्या लहान-मोठ्या नौका सारख्याच नक्षीच्या लाटा उठवतात. स्प्रिंगशार्प ज्याला नैसर्गिक वेग म्हणतं, तो यातूनच येतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ, ते नॉटमध्ये. आपल्या नौकेचा २८.६. आपण ३३ मागतोय, म्हणजे १.१५ पट. ८६० फुटांच्या ‘हूड’ या ब्रिटिश बॅटलक्रूझरची ३१ नॉटची मागणी याच हिशेबाने १.०६ पट होती. सर्वाधिक वेगाला किती टक्के शक्ती लाटांत जाते, तेही सॉफ्टवेअर सांगतं. तो आकडा निम्म्याच्या वर गेला की पुढचा प्रत्येक नॉट महाग पडणार, हे समजावं.

सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हाताने पडताळावं. टनांचा दोन-तृतीयांश घात गुणिले वेगाचा घन, भागिले अश्वशक्ती. ‘हूड’साठी (४२ हजार टन, ३१ नॉट, १,४४,००० अश्वशक्ती) याचं उत्तर २५० येतं, आणि दोन दशकांनंतरच्या अमेरिकी ‘आयोवा’साठीही जवळपास तेवढंच. तोच २५० आपल्याला लावला तर ३० नॉटला १,१५,००० आणि ३३ला १,५३,००० अश्वशक्ती लागते. आपलं गुणोत्तर ‘हूड’पेक्षा ताणलेलं असल्याने खरी गरज याहून थोडी जास्तच.

म्हणजे शेवटच्या तीन नॉटसाठी ३८ हजार अश्वशक्ती. ‘हूड’मध्ये यंत्रसामग्रीच्या एका टनामागे सुमारे २७ अश्वशक्ती मिळत होती, तेव्हा हे झाले १,४०० टन. आता चिलखत बघा. एक चौरस फूट, एक इंच जाडीचं पोलाद साधारण ४० पौंड भरतं. ४८० फूट लांब, १६ फूट उंच, १० इंच जाड पट्टा एका बाजूला सुमारे १,३७० टन. तीन नॉट म्हणजे एका कुशीचं सगळं चिलखत!

इथे एक सांगायलाच हवं. ३१ मे १९१६ला जटलंडच्या लढाईत ब्रिटनच्या तीन बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या, तेव्हापासून हा प्रकारच ‘शापित’ असल्याच्या कथा रंगवल्या जातात. शाप वगैरे काही नव्हता. जलद मारा करण्याच्या नादात कॉर्डाइटच्या (तोफेच्या दारूच्या) थैल्या उघड्यावर रचलेल्या होत्या आणि ज्वाळा अडवणारी दारं उघडी होती. जर्मनांच्या ‘सायड्लिट्झ’वर जानेवारी १९१५मध्ये अशाच आगीत दोन टरेट जळाले होते, तो धडा त्यांनी आधी घेतला.

मग लांबी ९०० फूट केली तर? नैसर्गिक वेग ३० होतो, गुणोत्तर १.१०, शक्ती वाचते. पण लगेच मजबुतीचा आकडा घसरतो. नौकेच्याच लांबीची लाट मधोमध आली की दोन्ही टोकं लोंबतात, दोन्ही टोकांशी शिखरं आली की मधला भाग लोंबतो; नौका जितकी लांब तितका हा वाकवणारा जोर मोठा. एकत्रित मजबुती १.००च्या खाली गेली तर आराखडा बाद. वजन वाचवायला पाण्यावरची उंची कमी करावीशी वाटते. तसं करू नका, कारण तुळईची ताकद तिच्या उंचीत असते. शिवाय मागची डेक सतत पाण्याखाली जाते, ‘हूड’ची जात असे तशी.

रुंदी ९५ची १०० केली तर स्थैर्याला हातभार लावणारा रुंदीचा वर्ग जवळपास ११ टक्के वाढतो, पण नौका झटके देत डुलते आणि तोफांचा नेम बिघडतो. डेकचं चिलखत तर फारच जपून वाढवावं: तेवढ्याच लांबीवर प्रत्येक इंचाला साडेसातशे टन, आणि तेही उंचावर.

सॉफ्टवेअरमधलं बांधणीचं साल उगाच बदलू नका, यंत्रांचं वजन त्यावर ठरतं. नोव्हेंबर १९२१मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला मुंबईला घेऊन आलेल्या ‘रिनाउन’मध्ये मोठ्या नळ्यांचे ४२ बॉयलर होते. ‘रिनाउन’नंतर काही वर्षांनीच पूर्ण झालेल्या ‘हूड’मध्ये लहान नळ्यांच्या २४ बॉयलरांनी त्याहून जास्त शक्ती दिली.

आणि सगळे आकडे जुळले तरी कागदावर आडवे छेद काढाच, कारण कुठली वस्तू कुठे बसेल हे स्प्रिंगशार्पला दिसत नाही. १५ इंची जोडटरेटखालच्या बार्बेटचा (टरेटला आधार देणाऱ्या चिलखती नळकांड्याचा) आतला व्यास साडेतीस फूट. त्याच्या दोन्ही अंगांना पाणतीरापासून बचावाची जागा धरली की तिथे नौका साठेक फूट रुंद हवी. वेगासाठी निमुळत्या केलेल्या पुढच्या भागात ती रुंदी नसते. टरेट मागे सरकवावा तर बॉयलरखोल्या दाबल्या जातात. १९२१च्या ब्रिटिश जी-३ आराखड्यात यावर उपाय काढला होता: तिसरा टरेटही मागच्या टोकाला न नेता यंत्रांच्या पुढे, मधल्या रुंद भागात आणला. त्यामुळे दारूगोळ्याची सगळी कोठारं एकत्र आली आणि १४ इंचांचा तिरका पट्टा थोडक्या लांबीत पुरला. ८५६ फूट, १,६०,००० अश्वशक्ती आणि १६ इंची नऊ तोफा. बांधणीचे आदेश निघालेही होते, पण फेब्रुवारी १९२२च्या वॉशिंग्टन करारानंतर त्या चारही नौका रद्द झाल्या.