परदेशात आंदोलकांवर गोळ्या चालतात तेव्हा बाकीचे देश काय करू शकतात?

एखाद्या सरकारने आपल्याच निदर्शकांवर गोळीबार केला की इतर देशांतले खासदार आणि संघटना आपल्या परराष्ट्र खात्याच्या मागे लागतात: गप्प बसू नका, काहीतरी करा. या ‘काहीतरी’त आज बरेच काही मोडते. १९४६ साली त्यातले जवळपास काहीच नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(७) सदस्य देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला संघटनेला मनाई करते. या कलमाच्या आडोशाला पहिला मोठा धक्का दिला तो भारताने. आज मानवी हक्कांच्या ठरावांवर भारत अनेकदा तटस्थ राहतो, म्हणून ही आठवण जरा टोचते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न १९४६ मध्ये भारताने आमसभेत नेला. शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते. ‘हा आमचा घरचा मामला’ हा दक्षिण आफ्रिकेचा बचाव आमसभेत टिकला नाही. पुढे २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये, कृष्णवर्णीयांना सतत ओळखपत्र (पास) बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा ६९ मृतांचा. १ एप्रिललाच सुरक्षा परिषदेने याबद्दल दक्षिण आफ्रिकेला दोष देणारा ठराव १३४ मंजूर केला. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहिले, नकाराधिकार कोणी वापरला नाही, म्हणून हे जमले.

बडा देश समोर असला की गणित बदलते. बीजिंगच्या तिआनमेन चौकातले आंदोलन लष्कराने चिरडल्यानंतर ऑगस्ट १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या उपआयोगाने चीनविषयी ठराव केला, तोही गुप्त मतदानाने: १५ विरुद्ध ९. त्यानंतर खुद्द आयोगात मात्र चीन दरवेळी ‘या विषयावर कारवाईच नको’ असा प्रस्ताव आणून चर्चा मुळातच खुडत असे. १९९५ मध्ये तो प्रस्ताव फसला, पण मूळ ठराव एका मताने पडला.

२००६ मध्ये आयोग जाऊन ४७ सदस्यांची मानवी हक्क परिषद आली. तिचे विशेष अधिवेशन बोलवायला एक तृतीयांश, म्हणजे १६ सदस्यांचा पाठिंबा लागतो. नकाराधिकार इथे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा तेहरानमध्ये कोठडीत असताना मृत्यू झाला आणि इराणभर निदर्शने पेटली. जर्मनी आणि आइसलँडच्या मागणीवरून २४ नोव्हेंबरला अधिवेशन झाले. सत्यशोधन मोहिमेचा ठराव २५ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. १६ तटस्थ, त्यात भारतही. इराणने मोहिमेला देशात पाऊल ठेवू दिले नाही. तरी तिने बाहेरूनच २७,००० हून अधिक पुरावे जमवले आणि मार्च २०२४ मध्ये काही कृत्ये मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरतात असा निष्कर्ष मांडला. पण ठरावाने फाशी थांबत नाही: अधिवेशनाला जेमतेम दोन आठवडे झाले होते, ८ डिसेंबरला पहिल्या आंदोलकाला फासावर चढवले गेले.

निर्बंधांची, म्हणजे जबाबदार व्यक्तींची नावे यादीत घालून त्यांचा प्रवास आणि मालमत्ता रोखण्याची, वाट वेगळी. युरोपीय संघात त्यासाठी सर्व सदस्यांचे एकमत लागते आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते. बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीनंतर निदर्शकांना मारझोड सुरू झाली. पण तुर्कस्तानवरही कारवाई हवी म्हणून सायप्रसने निर्बंध अडवून धरले, ते ऑक्टोबरमध्ये लागले. तोवर युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या १७ देशांनी ‘मॉस्को यंत्रणा’ ही त्या संघटनेची चौकशीची पद्धत वापरायला सुरुवात केली होती. तिची खुबी अशी की सहभागी देशांचा पुरेसा गट तयार असेल तर ज्याची चौकशी व्हायची त्या देशाची संमती लागत नाही. बेलारूसने सहकार्य केले नाही, तरी ५ नोव्हेंबरला अहवाल आला.

यावरून मागणीपत्रात काय असावे ते ठरते. ‘तीव्र निषेध करा’ एवढ्याने परराष्ट्र खात्याचे फार तर एक पत्रक निघते. पोलीस तुकडी, तिचा प्रमुख, तारीख, ठिकाण आणि चित्रफितीची मूळ फाइल दिली तर निर्बंधांसाठी नाव पुढे सरकते. पुरावा ढिसाळ असेल तर युरोपीय संघाचे न्यायालय तेच नाव यादीतून काढायला लावते. कैद्यांच्या बाबतीत खटल्याची तारीख आणि न्यायालय कळवायचे, म्हणजे दूतावासाला सुनावणीला माणूस पाठवण्याची मागणी करता येते. परवानगी बहुधा नाकारली जाते, पण नकाराचीही नोंद राहते. आणि चौकशीच्या मोहिमांना मुदत असते, ती वाढवायला पुन्हा मतदान लागते. तटस्थ राहिलेल्या देशांच्या राजधान्यांत पत्रे त्या मतदानाच्या आधी पोचायला हवीत.