रोलिंग शटरची स्प्रिंग : जीर्ण झाल्याची ओळख व बदल (कोल्हापूर)

रोलिंग शटरच्या पाइपवर बसवलेली पोलादी तारेची वेटोळी स्प्रिंग. शटरच्या पट्ट्यांचे वजन ती आपल्या पिळावर तोलून धरते, म्हणूनच मोठ्या दुकानाचे शटरही एकटा माणूस वर ढकलू शकतो. कोल्हापुरात महाद्वार रोड, गुजरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी येथील दुकानांना, शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांना आणि घराखालच्या मोटारीच्या गाळ्यांना बहुधा हेच शटर असते. अमेरिकेतील गॅरेजचा दरवाजा वेगळा असतो. तो आडव्या रुंद फळ्यांचा असून रुळांवरून छताखाली सरकतो. दरवाजावरच्या दांड्यावर असलेली त्याची स्प्रिंगही वजन तोलण्याचेच काम करते, त्यामुळे ती थकल्याच्या खुणा दोन्हीकडे जवळपास सारख्या दिसतात.

रचना व कार्य

साध्या, हाताने चालणाऱ्या शटरमध्ये वरचा पाइप फिरत नाही. भिंतीवरच्या दोन ब्रॅकेटांना तो यू-क्लॅम्पने (इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या पकडीने) घट्ट आवळलेला असतो. पाइपवर बिडाच्या पुल्या मोकळ्या फिरतात आणि पट्ट्यांचा पडदा या पुल्यांना जोडलेला असतो. स्प्रिंगचे एक टोक पाइपला, तर दुसरे पुलीला अडकवतात. शटर खाली ओढले की पुल्या फिरतात आणि स्प्रिंगला पीळ बसतो. वर ढकलताना तोच पीळ उलगडत माणसाला हातभार लावतो. शटर पूर्ण बंद असते तेव्हा सगळे वजन लोंबत असते आणि पीळही सर्वाधिक असतो. शटर वर जाईल तसे लोंबणारे वजन कमी होते, पीळही कमी होतो. दोन्ही एकमेकांच्या मापाने घटावेत अशी ही जुळणी आहे. शटर पूर्ण वर गेल्यावरही स्प्रिंगमध्ये थोडा पीळ मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो.

सरकारी बांधकामांच्या मानक तपशिलात पट्ट्या ८० मिमी रुंद व १.२५ मिमी जाड पत्र्याच्या, स्प्रिंगा २७.५ सेंमी लांब आणि उच्च ताणबलाच्या पोलादी तारेच्या (आयएस ४४५४, भाग १) असाव्यात असे म्हटले आहे. शटरसाठी आयएस ६२४८ हे स्वतंत्र भारतीय मानकही आहे. १.२५ मिमी जाडीच्या सपाट पत्र्याचेच वजन दर चौरस मीटरला १० किलोच्या जवळ जाते. म्हणजे ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच शटरचा नुसता पत्रा ७५ किलोच्या घरात भरतो. पट्ट्यांच्या कडा एकमेकींत गुंतवण्यासाठी वळवलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्ष वजन यापेक्षा जास्तच निघते. हा भार रोज सकाळी आणि रात्री स्प्रिंग तोलते, हात फक्त दिशा देतो.

जीर्ण का होते

स्प्रिंग दोन प्रकारे संपते. पहिल्यात तार हळूहळू सैलावते. पीळ दिल्यावर ती पूर्वीइतकी मागे येत नाही आणि शटर महिन्यागणिक जड होत जाते. दुसऱ्यात तारेच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तडा पडतो, प्रत्येक उघडझापीबरोबर तो वाढतो आणि एक दिवस तार तुटते. अशा तड्याची सुरुवात पुष्कळदा गंजाच्या खड्ड्यापासून होते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि शटर वर ज्यात गुंडाळले जाते त्या पत्र्याच्या पेटीत धूळ साचलेली असते. ओली धूळ वेटोळ्यांमध्ये बसून राहिली की गंज आतून धरतो, आणि खालून पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

नेहमीच्या गॅरेज दरवाजाच्या स्प्रिंगचे आयुष्य अमेरिकेत साधारण १०,००० फेऱ्यांचे धरतात. एकदा उघडून बंद केले की एक फेरी. हा आकडा दुकानाच्या शटरला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण हिशेबाची पद्धत उपयोगी आहे. सकाळी उघडणे, दुपारी जेवायला जाताना ओढणे, पुन्हा उघडणे आणि रात्री बंद करणे अशा रोजच्या दोन फेऱ्या धरल्या, तर वर्षाला सातशेच्या वर फेऱ्या होतात. गोदामाचे किंवा दिवसभर गाडी आत-बाहेर करणाऱ्या गाळ्याचे शटर याच्या कितीतरी पट चालते. म्हणून एकाच दिवशी बसवलेल्या दोन शटरांपैकी एकाची स्प्रिंग निम्म्या काळात संपली, तर तेवढ्यावरून माल खोटा ठरवणे योग्य नाही. स्प्रिंगचे वय वर्षांपेक्षा फेऱ्यांत मोजलेले बरे.

खुणा

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तोल. अर्धवट उघडे शटर कोणत्याही उंचीवर स्थिर राहावे ही अपेक्षा मानक तपशिलातच आहे. दुकानदार दुपारी अर्धे शटर ओढून आत बसतात, तेव्हा नकळत याच गोष्टीची परीक्षा होत असते. अर्धे ओढलेले शटर आपोआप खाली सरकू लागले तर स्प्रिंग कमी पडते आहे. ते वर पळू लागले तर पीळ जास्त झाला आहे. शटरखाली काठी किंवा स्टूल लावून दुकान चालवणारे पुष्कळ जण आहेत. काठी लावावी लागते याचाच अर्थ दुरुस्तीची वेळ होऊन गेली आहे.

बाकीच्या खुणा याच तोलाशी जोडलेल्या आहेत. कुलूप काढल्यावर पहिली वीतभर उचल फार जड लागते. शटर पेटीत पूर्ण शिरत नाही, फूटभर खाली लोंबते आणि आकडीने ढकलावे लागते. खाली ओढताना ते हातातून सुटून आदळते. पेटीतून टणकन आवाज आला आणि त्यानंतर शटर एकदम जड झाले, तर एक स्प्रिंग तुटली असे समजावे. पाइपवर अनेक स्प्रिंगा असल्याने एक तुटली तरी शटर कसेबसे चालते, आणि मालक तसेच रेटतो. उरलेल्या स्प्रिंगांवर जादा भार पडतो, त्यामुळे त्याही लवकर जातात. पेटीचा पत्रा काढून पाहिले तर वेटोळ्यांत मध्येच पडलेली फट, तारेवरचा खवलेदार गंज किंवा पाइपवर सांडलेली तांबूस भुकटी दिसते.

गल्लत कुठे होते

शटर जड झाले की दोष स्प्रिंगवर टाकायची घाई होते. बाजूच्या गाइडला (शटरच्या कडा ज्या उभ्या खाचेतून सरकतात तिला) टेम्पोचा धक्का लागून पोचा आला असेल, पट्ट्यांना जागेवर धरणारे टोकाचे लॉक निखळून एखादी पट्टी बाजूला सरकली असेल, किंवा गाइडमध्ये जुने ग्रीस आणि माती घट्ट बसली असेल, तरी शटर जडच लागते. ते एका बाजूला तिरके चढत असेल तर आधी गाइड आणि पट्ट्यांची टोके तपासावीत, मग त्या बाजूची स्प्रिंग.

पुरानंतर हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे ठरते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शहराच्या सखल भागांतील दुकाने बुडाली. बहुतेक ठिकाणी पाणी पेटीपर्यंत पोहोचले नाही, पण गाइड गाळाने भरले आणि खालच्या पट्ट्या गंजल्या. अशा वेळी शटर जड लागते म्हणून नुसता पीळ वाढवला, तर स्प्रिंगवर विनाकारण ताण येतो. पुढे गाळ निघाला की तेच शटर वर झेप घेते. आधी गाइड धुऊन, वाळवून, तेल द्यावे. त्यानंतर शटर अर्ध्यावर सोडून पाहावे आणि मगच स्प्रिंगचा निर्णय करावा. पाणी पेटीपर्यंत चढले असेल तर मात्र पत्रा काढून स्प्रिंगा पाहिल्याशिवाय राहू नये.

मोटरवर चालणाऱ्या शटरमध्ये खूण लपते. स्प्रिंग सैलावली तरी मोटर जोर लावून शटर उचलत राहते आणि बटण दाबणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मोटर नेहमीपेक्षा तापणे, चढताना आवाज बदलणे, मध्येच थांबणे याकडे लक्ष द्यावे. मोटर सोडवून शटर हाताने चालवून पाहिले की खरी स्थिती कळते.

पीळ वाढवणे की बदलणे

स्प्रिंग नुसती सैलावली असेल तर मिस्त्री यू-क्लॅम्प ढिला करून पाइप पान्याने फिरवतो आणि पीळ वाढवून देतो. खर्च थोडा येतो आणि शटर त्याच दिवशी हलके होते. हा उपाय एकदा करणे रास्त आहे. त्यानंतर काही महिन्यांतच पुन्हा तीच तक्रार आली तर तार थकली आहे असे धरावे. पुन्हा पुन्हा पीळ चढवणे म्हणजे तिला तुटण्याकडे ढकलणे होय. तुटलेली किंवा खोल गंज खाल्लेली स्प्रिंग मात्र बदलायलाच हवी. तुटलेल्या तारेला वेल्डिंग करून घेऊ नये. उष्णतेने जोडाजवळच्या पोलादाचा गुण जातो आणि ती तिथेच पुन्हा तुटते.

एक तुटली की पाइपवरच्या सगळ्या स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. त्या एकाच वयाच्या असतात. नव्या-जुन्या मिसळल्या तर पुल्यांवरचा जोर असमान होऊन शटर तिरके चालते. नवी घेताना नुसती लांबी जुळवून भागत नाही. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या, तिन्ही जुळावी लागतात. जुनी स्प्रिंग दुकानात घेऊन जाणे हा सोपा मार्ग आहे. पूर्वीच्या पट्ट्या काढून जाड पत्र्याच्या बसवल्या असतील तर जुने माप उपयोगाचे नाही, कारण वजनच बदललेले असते.

यू-क्लॅम्प ढिला करण्याचे काम घरच्या घरी करू नये. शटर खाली असताना सगळा पीळ त्या क्लॅम्पच्या जोरावर अडलेला असतो. तो सुटला तर पाइप झटक्यात फिरतो आणि त्यात अडकवलेला पाना हात मोडू शकतो. म्हणून जाणते मिस्त्री शटर पूर्ण वर नेऊन, ते खाली येणार नाही असे बांधून मगच क्लॅम्पला हात लावतात. शटर नुसते आधारावर टेकवलेले असेल तर दुरुस्ती होईपर्यंत त्याखालून गिऱ्हाइकांची ये-जा बंद ठेवावी.

देखभालीला फार काही लागत नाही. पावसाळ्यापूर्वी पेटी झाडून वेटोळ्यांना तेल किंवा पातळ ग्रीस द्यावे आणि गाइड कोरडे पुसून घ्यावेत. खंडेनवमीला यंत्रे आणि हत्यारे पुसून पूजेला मांडली जातात, तेव्हा शिडी लावलेलीच असते. त्याच वेळी पेटीचा पत्रा काढून स्प्रिंगा पाहिल्या तर दिवाळीच्या गर्दीआधी दुरुस्तीला वेळ मिळतो.