ठाण्यातले चौघे, एडनमधल्या चौघी

युक्रेन किंवा गाझाच्या बातम्या वाढल्या की आमच्या ठाण्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. कुणीतरी सांगतं की चर्चमध्ये युद्धग्रस्तांसाठी प्रार्थना झाली, पैसेही गोळा झाले. लगेच दुसरं कुणीतरी विचारतं, "म्हणजे मदत, की धर्म वाढवायचं काम?" विचारणाऱ्यावर चिडण्यात अर्थ नाही. रणभूमीवर राबणाऱ्या ख्रिस्ती संस्थांना हा प्रश्न गेली दीडशे वर्षं चिकटलेला आहे, आणि त्यांनी दिलेली उत्तरंही सारखी नाहीत.

या प्रश्नाचं एक जुनं टोक ठाण्यातच सापडतं. एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले. ओदोरिक या इटालियन साधूने नंतर लिहिलेल्या वृत्तांतानुसार ते एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती घरात उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचं वाजलं, नवऱ्याने हात उगारला, बाई काझीकडे गेली आणि साक्षीला म्हणून या पाहुण्यांना बोलावणं आलं. साक्ष राहिली बाजूला. पैगंबरांविषयी तुमचं मत काय, इथवर गोष्ट गेली आणि उत्तर जिवावर बेतलं. ओदोरिक त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनपर्यंत गेला. (तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चची कथा त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, पोर्तुगिजांच्या काळात सुरू होते.) हे चौघे श्रद्धेच्या वादात गेले. जखमींची शुश्रूषा किंवा भुकेल्यांना अन्न, असा त्या प्रसंगात काही भाग नव्हता.

तो भाग ठळक झाला २४ जून १८५९ नंतर. उत्तर इटलीत सोल्फेरिनोला फ्रान्स-सार्डिनियाच्या आणि ऑस्ट्रियाच्या फौजा भिडल्या. एका दिवसात मेलेल्या-जखमी झालेल्यांचा आकडा ४० हजारांच्या घरात गेला. जिनिव्हाचा व्यापारी आंरी ड्युनां तिकडे फिरकला होता तो अल्जीरियातल्या आपल्या धंद्यासाठी नेपोलियन तिसऱ्याची भेट मिळावी म्हणून. ती भेट राहिली दूर. कास्तिल्योने गावातल्या चर्चमध्ये त्याने जखमींच्या ओळी पाहिल्या. गावच्या बायका त्यांना पाणी पाजत होत्या, पट्ट्या बांधत होत्या, गणवेश कुणाचा हे न बघता. 'तुत्ती फ्रातेल्ली', म्हणजे सगळे भाऊच, हे त्यांचे शब्द त्याने टिपून ठेवले.

ड्युनां स्वतः श्रद्धाळू कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या उभारणीतला बिनीचा कार्यकर्ता. पण १८६३ मध्ये जिनिव्हात जी समिती बसली, जिच्यातून रेड क्रॉस उभा राहिला, तिने धर्म दाराबाहेर ठेवला. पुढच्याच वर्षीच्या जिनिव्हा करारात जखमी कोणत्या देशाचा हे न पाहता त्याला उचलण्याचं बंधन राष्ट्रांनी मान्य केलं. चिन्ह म्हणून स्विस झेंड्याचे रंग उलटे करून लाल क्रॉस घेतला गेला. तरी १८७६ मध्ये तुर्की साम्राज्याने क्रॉस नाकारून चंद्रकोर लावलीच. लावणाऱ्यांच्या मनात काहीही असो, बघणाऱ्याला त्यात धर्म दिसला.

क्वेकरांनी नाव लपवलं नाही, पण अट घातली नाही. हा ख्रिस्ती पंथ शस्त्र हाती घेत नाही. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांची समिती उद्ध्वस्त गावांत मदत घेऊन गेली. ओळख म्हणून लाल-काळा तारा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन क्वेकरांनी हरलेल्या जर्मनीत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. ऐन भरात दिवसाला सुमारे १० लाख मुलं जेवत होती. जर्मन भाषेत त्या जेवणाला 'क्वेकरश्पाइझुंग' असा शब्दच रूढ झाला. जर्मनीत क्वेकर मात्र मूठभरच राहिले. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटिश आणि अमेरिकन क्वेकर संस्थांना विभागून मिळालं.

त्याच काळात युद्धाने बेघर केलेली माणसं आपल्या दाराशीही आली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत रशियाने सायबेरियाकडे हाकललेली, इराणमार्गे आलेली ही माणसं. त्यांच्या छावणीत शाळा होत्या, चर्च होतं. इकडे ठाणे जिल्ह्यात महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी भरली आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. १९४७ मध्येच भारतातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची 'कासा' ही मदतसंस्था जन्मली, तीही फाळणीच्या निर्वासितांसाठी.

या सगळ्या इतिहासात सर्वांत अवघड पान बियाफ्राचं आहे. १९६७ मध्ये नायजेरियाचा पूर्व भाग बियाफ्रा या नावाने फुटून निघाला. तिथले इग्बो लोक बहुसंख्येने ख्रिस्ती, आणि आयरिश मिशनऱ्यांची तिथे जुनी घडी बसलेली. केंद्र सरकारने नाकेबंदी केली, मुलं उपासमारीने मरू लागली, त्यांची छायाचित्रं युरोपातल्या घराघरांत पोचली. सरकारची परवानगी मिळण्याची वाट न पाहता कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संस्था एकत्र आल्या. ज्यू संस्थांनीही हात दिला. 'जॉइंट चर्च एड' या नावाने साओ टोमे बेटावरून रात्री विमानं उडू लागली. उतरायचं उली इथे: हमरस्ता रुंद करून केलेली धावपट्टी, दिवे क्षणभर लावायचे आणि विझवायचे, वर बाँबफेकी विमान घिरट्या घालत असायचं. अशी ५,००० च्या वर उड्डाणं झाली, सुमारे ६०,००० टन माल गेला. आद्याक्षरं जुळत असल्याने वैमानिक तिला गमतीने 'जीझस क्राइस्ट एअरलाइन्स' म्हणत. जून १९६९ मध्ये रेड क्रॉसचं विमान पाडलं गेलं. रेड क्रॉसने आपली उड्डाणं थांबवली. चर्चची विमानं उडतच राहिली.

शूर काम होतं यात वाद नाही. पण त्याच उलीवर रात्री शस्त्रांची विमानंही उतरत, आणि उतरणावळीपोटी बियाफ्राच्या सरकारला परकीय चलन मिळत होतं. त्यामुळे लढाई लांबली, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. समोर उपाशी मूल असताना विमान थांबवा म्हणायलाही जीभ रेटत नाही. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा शरण आलं. नायजेरियाने कित्येक परदेशी मिशनऱ्यांना अटक करून देशाबाहेर काढलं. सरकारला हे मिशनरी एका बाजूचे वाटले होते, आणि ते पूर्णपणे चूक नव्हतं. तिथे काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांनी १९७१ मध्ये 'मेदसँ सां फ्राँतिएर' (सीमा न मानणारे डॉक्टर) ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. तिच्यात धर्म नव्हता.

चर्चच्या संस्थांना नियम कागदावर आणायला १९९४ उजाडलं. रेड क्रॉसबरोबर कॅथलिकांची कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि इतरांनी मिळून आचारसंहिता ठरवली. तिचं तिसरं कलम असं की मदत कोणतंही राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटायला वापरायची नाही. ख्रिस्ती संस्थांतले सगळेच तितके सावध नाहीत. २००३ मध्ये इराकला निघालेल्या 'समॅरिटन्स पर्स' या अमेरिकन ख्रिस्ती मदतसंस्थेचे प्रमुख फ्रँकलिन ग्रॅहम यांनी आधी इस्लामला दुष्ट म्हटलेलं होतं. अशा माणसाच्या हातच्या पिठाकडे बगदादचा माणूस कसा बघेल? याउलट गाझातलं अल-अहली रुग्णालय बघा. चर्च मिशनरी सोसायटीने १८८२ मध्ये सुरू केलेलं, आज अँग्लिकन चर्चच्या जेरुसलेम धर्मप्रांताकडे असलेलं. तिथे येणारे रुग्ण जवळजवळ सगळे मुसलमान. मदतीचे ट्रक सीमेवर अडतात. हे रुग्णालय मात्र सीमा आखल्या जाण्याआधीपासून तिथेच आहे.

आता ठाण्यातल्या पैशांचं. भारतातल्या धर्मादाय न्यासाला उत्पन्न देशाबाहेर खर्चायचं असेल तर करसवलत टिकवण्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. म्हणजे इथल्या पेटीतली नोट उद्या गाझात पोचते, असं चित्र डोळ्यांपुढे आणू नये. भारतातून जास्त करून गेली ती माणसं. तमिळनाडूचे जेझुइट फादर अलेक्सिस प्रेमकुमार अफगाणिस्तानात निर्वासितांसाठी काम करत होते. जून २०१४ मध्ये हेरातजवळून त्यांचं अपहरण झालं, २०१५ च्या फेब्रुवारीत सुटले.

आणि येमेन. मदर तेरेसांच्या सिस्टर्स तिथे १९७३ पासून आहेत, तिथल्या सरकारच्याच बोलावण्यावरून गेलेल्या. जुलै १९९८ मध्ये होदेदाला तिघींना गोळ्या घातल्या गेल्या. त्या गेल्या, घर चालू राहिलं. मग २०१५ चं युद्ध पेटलं, वकिलाती बंद झाल्या, परदेशी माणसं निघून गेली, सिस्टर्स राहिल्या. ४ मार्च २०१६ ला एडनमधल्या त्यांच्या वृद्धाश्रमात बंदूकधारी शिरले. चार सिस्टर्स मारल्या गेल्या: दोघी रवांडाच्या, एक केनियाची, एक झारखंडची सिस्टर अन्सेल्म. त्यांच्यासोबत राबणारे येमेनी आणि इथिओपियन कामगारही गेले, मिळून १६ जण. केरळचे फादर टॉम उळुन्नालिल यांना उचलून नेलं, ते सप्टेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने सुटले. आश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना हल्लेखोरांनी हात लावला नाही. त्यांना सकाळची न्याहारी देणारे हात तेवढे उरले नव्हते.