खुलासा : लहान पान आपट्याचं, मोठं कांचनाचं, पण झाड एकच?

दसऱ्याला नागपुरात सीताबर्डी, गोकुळपेठेत ‘सोनं’ विकायला आलं की हा समज हमखास कानावर येतो : कोवळं, लहान पान म्हणजे आपटा; तेच जून झालं की कांचन. तसं नाही. दोन्ही शिंबावर्गीय (शेंगा येणाऱ्या कुळातले), जवळचे नातेवाईक, पण झाडं वेगळी.

पान उलटं करून पाहा. आपट्याचं पान साधारण 2 ते 5 सेंटीमीटर लांब, लांबीपेक्षा रुंद, हाताला जाड नि चिवट. खालची बाजू करडी, बारीक लव असलेली. कांचनाचं त्याहून बरंच मोठं, पातळसर. दोन्हींत देठाच्या टोकापासून शिरा पंजासारख्या पसरतात. आपट्यात बहुधा 7 ते 9, कांचनात 9 किंवा जास्त. आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या शिरा मोजून निकाल देऊ नका. आकारावर तर नकोच, कारण कांचनाच्या शेंड्याचं कोवळं पानही लहानच असतं. (विकणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं!)

देठाच्या टोकाशी जरा फुगीर सांधा दिसतो. तो दोघांतही असतो; त्याच्या पेशींतलं पाणी कमी-जास्त झालं की पानाची दोन्ही दलं (दोन अर्धे भाग) मिटतात, उघडतात. म्हणजे ‘पान मिटतं तो आपटा’ हीही खूण फसवी.

खात्री हवी तर झाडाकडे बघा. आपट्याची फुलं लहान, पांढुरकी-पिवळट, उन्हाळ्याच्या सुमारास येतात. दसऱ्याच्या दिवसांत झाडावर मोठी गुलाबी-जांभळी फुलं असतील, तर तो कांचन.