चक्कर यावी, पण मोजून

कूस बदलली की छप्पर फिरते, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की घेरी येते, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहिले की पाय अडखळतात. असे दोनचारदा झाले की माणूस मान वळवायचीच सोडतो. बघायचे असेल तर सगळे अंग वळवतो, बाजारात जायचे टाळतो, जमेल तेव्हा पडून राहतो. तोल बिघडलेल्या माणसाचे सर्वांत जास्त नुकसान या सावधपणामुळे होते. नेमका हाच सावधपणा मोडण्यासाठी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी डोके हलवण्याचे व्यायाम शिकवणारे एक संकेतस्थळ तयार केले.

आधी कानात काय होते ते पाहू. दोन्ही बाजूंच्या अंतर्कर्णात प्रत्येकी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके उजवीकडे वळले की त्या मेंदूला खबर देतात, आणि सुमारे १० मिलिसेकंदांत डोळे तेवढेच डावीकडे सरकतात. चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते ती यामुळेच. विषाणूच्या संसर्गाने एका कानाची तोलाची नस सुजली की दोन बाजूंच्या खबरा जुळत नाहीत. मेंदू त्या तफावतीचा अर्थ ‘आपण फिरतो आहोत’ असा लावतो. जोराचे गरगरणे बहुधा काही दिवसांत ओसरते. मागे राहतो तो हालचालीतला दोष. डोके जरा वेगाने वळले की डोळे मागे पडतात आणि समोरचे चित्र नेत्रपटलावरून घसरते. हे घसरणे म्हणजेच मेंदूला कळलेली चूक. ती पुन्हा पुन्हा कळली तरच तो डोळ्यांचे माप नव्याने बसवतो. मान स्थिर ठेवली तर चूक घडत नाही, आणि चूक घडली नाही तर मेंदू काही शिकत नाही.

१९४०च्या दशकात इंग्लंडमधल्या कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी डोळे, मग डोके, मग बसून, उभे राहून, चालताना अशी व्यायामांची चढती साखळी बसवली. आजही सांगाडा तोच आहे. २०१५ साली, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ३९ चाचण्या आणि २,४४१ रुग्ण तपासले गेले. एका बाजूचा अंतर्कर्ण दुबळा झालेल्यांना या व्यायामांचा फायदा होतो आणि ते सुरक्षित आहेत, असे त्यातून दिसले. तरी चक्कर येते म्हणून डॉक्टरांकडे जाणाऱ्या फार थोड्यांना कुणी व्यायाम शिकवते. बहुतेकांच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी पडते.

साउदॅम्प्टनच्या आरोग्य-मानसशास्त्रज्ञ लुसी यार्डली यांनी ही अडचण टप्प्याटप्प्याने सोडवायला घेतली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७० रुग्ण होते. दवाखान्यातल्या परिचारिकेने ३० ते ४० मिनिटे एकदाच शिकवायचे आणि पुस्तिका द्यायची, एवढाच उपचार. तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी ६७ टक्के लोकांना ठळक फरक पडला होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांना. २०१२च्या चाचणीत ३३७ जण होते. त्यांतल्या एका गटाला नुसती पुस्तिका दिली, दुसऱ्याला पुस्तिकेसोबत दूरध्वनीवरून मदत. बारा आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फारसा फरक नव्हता. वर्षाने मात्र दोन्ही गट स्पष्ट पुढे होते. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

पुस्तिकेत एक उणीव राहतेच: ती वाचकाला काही विचारू शकत नाही. संकेतस्थळ विचारते. दर आठवड्याला प्रत्येक हालचालीने किती चक्कर आली ते नोंदवायचे, त्यावरून पुढच्या आठवड्याचे व्यायाम ठरतात. असे सहा आठवडे. सोबत चित्रफिती असतात, आणि चक्करच्या भीतीवर व ताणावर काम करणारी मानसोपचारातली तंत्रेही. या गटाची बांधणीची पद्धत मला फार मोलाची वाटते. कच्चा आराखडा वापरणाऱ्यांसमोर ठेवायचा, त्यांना मनात येईल ते मोठ्याने बोलत वापरायला सांगायचे, आणि ते जिथे अडखळतील ते पान बदलायचे. तोल बिघडलेल्याला सरकता पडदा पाहूनही मळमळते, त्यामुळे इथे हे अधिकच गरजेचे.

या संकेतस्थळाची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात ५० वर्षांवरचे २९६ लोक होते. मोजमापाला १५ प्रश्नांची, ० ते ६० गुणांची प्रश्नावली. तिच्यात गरगरण्याबरोबर धडधड आणि घाम यांचाही हिशेब होतो. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचा त्रास तीन महिन्यांनी २.७५ गुणांनी आणि सहा महिन्यांनी २.२६ गुणांनी कमी भरला. फरक खरा, पण माफक. मग नेदरलँड्समध्ये हाच कार्यक्रम ३२२ जणांवर तपासला गेला आणि २०१९ साली निकाल आले. सहा महिन्यांनी नुसत्या संकेतस्थळाने ४.१ गुणांचा फरक पडला. फिजिओथेरपिस्ट दोनदा घरी येऊन गेले त्या गटात ३.५. साधारण ३ गुण उतरले तर रुग्णाला स्वतःला फरक जाणवतो, असे धरले जाते. म्हणजे घरभेटींमुळे वेगळी भर पडली नाही.

मूळ व्यायाम साधा आहे. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा. डोळे उघडे ठेवून ‘नाही’ म्हटल्यासारखे डोके डावीउजवीकडे १० वेळा वळवा. थांबा, चक्कर निवू द्या. मग ‘हो’ म्हटल्यासारखे वरखाली १० वेळा. हीच जोडी डोळे मिटून. शेवटी हात लांब करून बोट डोळ्यांसमोर धरा आणि नजर त्यावर खिळवून पुन्हा तीच जोडी. एकूण सहा प्रकार, रोज साधारण १० मिनिटे. दहा वळणांना सुरुवातीला वीस सेकंद लागले तरी चालेल, पुढे दहावर आणायचे. एका वेगाला चक्कर येईनाशी झाली की वेग वाढवायचा. मग तेच उभे राहून, मग चालताना.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक म्हणजे चक्कर येणारच नाही इतक्या हळू करणे. तो वेळ वाया जातो. दुसरे टोक म्हणजे ओकारी येईपर्यंत रेटणे, मग दुसऱ्या दिवशी कुणी खुर्चीत बसत नाही. हलकी चक्कर यावी आणि काही मिनिटांत शमावी, हे माप बरोबर. मानेऐवजी खांदे फिरवले की डोक्याची गती कमी पडते. बोट अंधुक झाले तर वेग जास्त झाला. मान दुखत असेल तर वळण छोटे ठेवा, वेग राखा. उभे राहून करताना खोलीच्या कोपऱ्यात भिंतींकडे पाठ आणि समोर खुर्ची, घरात कुणीतरी असावे. पहिल्या आठवड्यात त्रास वाढू शकतो. सोडणारे बहुधा इथेच सोडतात, म्हणून ही गोष्ट आधीच सांगून ठेवणे फार महत्त्वाचे.

आपल्याकडे चक्कर म्हटली की ‘मणक्याचीच असणार’ म्हणून गळ्याला पट्टा बांधण्याची सवय आहे. कारण कानात असेल तर तो पट्टा शिकण्याची वाटच अडवतो. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनसारखी तोलाची खबर दाबणारी औषधे पहिले काही दिवस दिलासा देतात, पण ती महिनोन्महिने चालू राहिली तर मेंदूला चूक कळत नाही. मात्र गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

प्रत्येक चक्कर या व्यायामाची नाही. कूस बदलताच अर्धा-एक मिनिट गरगरत असेल तर कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे कण नलिकेत शिरलेले असू शकतात. तिथे डॉक्टरने डोके ठरावीक क्रमाने वळवून करायची एपली पद्धत बहुधा काही मिनिटांत कण जागेवर आणते. चक्करबरोबर बोलणे अडखळले, एक दिसायचे तिथे दोन दिसले, हातपाय लुळे पडले, अचानक ऐकू येईनासे झाले, छातीत दुखले किंवा कधी नव्हे अशी डोकेदुखी सुरू झाली, तर संकेतस्थळ नव्हे, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बरे झाल्यावरही एखादा ताप, जागरणे किंवा मोठा ताण यांनंतर जुनी चक्कर काही दिवस परत येऊ शकते. मेंदूने बसवलेले माप थकव्यात सैल होते, कान नव्याने बिघडलेला असतोच असे नाही. अशा वेळी पुन्हा खुर्चीत बसून पहिल्या जोडीपासून, वीस सेकंदांच्या वेगाने सुरुवात करावी. यावेळी माप बहुधा लवकर बसते.