गाडी एका बाजूला बसते? आधी दांडी बघा

एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी बलूनवर बसलेली बस सकाळी कललेली दिसली की फोन येतो, "व्हॉल्व्ह गेला, नवीन टाका." टाकून देऊ. पण आधी दोन मिनिटं खाली वाकून बघू.

हाइट कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे आपला लेव्हलिंग व्हॉल्व्ह, चेसिसला बसवलेला असतो. त्याचा आडवा हात एका उभ्या दांडीने एक्सलला जोडलेला असतो. भार वाढला की चेसिस खाली येते, हात वर ढकलला जातो आणि टाकीतली हवा बलूनमध्ये शिरते. ठरलेली उंची आली की हवा बंद. भार उतरला की उलटं: हात खाली ओढला जातो आणि जादा हवा फुस्स करून बाहेर पडते. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, कळतं ते फक्त चेसिस आणि एक्सलमधलं अंतर. दांडी वाकली तर तो तेही चुकीचं मोजणार.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक बस आली. त्याच बाजूचा व्हॉल्व्ह दोनदा बदललेला. बघतो तर दांडीच्या खालच्या टोकाचा रबर बुश, म्हणजे सांध्यातली रबरी नळी, फाटलेला आणि त्याच्या जागी कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली! बुश बदलला, काम झालं.

दांडी ठीक असेल तर बलून आणि पाइपाचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. बुडबुडे आले की गळती तिथेच.

बसला साधारण तीन व्हॉल्व्ह असतात, पुढे एक, मागे दोन. ट्रेलरला मात्र बहुधा एकच, आणि त्याची हवा दोन्ही बाजूंना जाते. म्हणून ट्रेलर कलला तर व्हॉल्व्हला दोष देऊ नका. माल कसा भरलाय आणि सस्पेन्शनचे बुश कसे आहेत ते बघा.

गाडी उचलून ठेवली की जास्त माल पेलते, असं समजून काही जण दांडी लांब करून घेतात. पेलत नाही. उलट बलून आणि शॉकअप ताणले जातात आणि ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर असेल तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कोन बिघडून गाडी थरथरते. उंची कंपनीने दिलेल्या मापानेच, सपाट जागी, हवेची टाकी पूर्ण भरल्यावर लावायची.

इंजिन सुरू केल्याबरोबर बलून फुगले नाहीत तर घाबरू नका. ब्रेकची हवा आधी भरते, सस्पेन्शनची नंतर.

दांडी स्वतः सोडू नका. हात खाली पडला की बलून रिकामे होतात आणि चेसिस खाली येते. आमची पोरंही चेसिसखाली घोड्या (लोखंडी टेकू) लावल्याशिवाय गाडीखाली शिरत नाहीत.