पुण्याची हवा: सगळा खेळ घाटाचा

शिवाजीनगरला रिक्षावाल्याला 'सिमला ऑफिस' म्हटलं की तो बरोबर वेधशाळेपाशी सोडतो, पण पुण्यात सिमला आलं कुठून हे विचारलं तर भल्याभल्या पुणेकरांची विकेट पडते. तर झालं असं की हवामान खात्याचं मुख्यालय आधी कलकत्त्याला होतं, मग सिमल्याला गेलं, तिथून १९२८ ला पुण्यात आलं आणि १९४४ ला दिल्लीला, पण नाव चौकाला चिकटलं ते चिकटलंच.

इंग्रजांना इथली हवा त्याआधीपासूनच मानवलेली. मुंबईत पावसाळा लागला की गव्हर्नरसाहेब बाडबिस्तरा आवरून पुण्यात यायचे, त्यासाठी गणेशखिंडीत बंगला बांधला तो १८७१ च्या सुमाराला पूर्ण झाला, आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मुंबईत वर्षाला २००० मिमीच्या वर पाऊस आणि दीडशे किमीवर पुण्यात जेमतेम ७००-७५०, म्हणजे साहेबांचं गणित काही चुकलेलं नव्हतं.

मधे आहे सह्याद्री. समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात, मग वारा अलीकडे उतरतो तो कोरडा होत होत. जुलैत एकदा मी लोणावळ्याहून लोकलने येत होतो, तिथे खिडकीतून प्लॅटफॉर्म पण धड दिसत नव्हता, तळेगावला नुसती भुरभुर आणि शिवाजीनगरला उतरलो तर रस्ता कोरडा ठणठणीत, रेनकोट घातलेला मी एकटाच येडा. शेतात पण हेच दिसतं, मावळ-मुळशीत भात आणि तिकडे शिरूर-दौंडकडे गेलं की बाजरी-ज्वारी.

आता गंमत अशी की गावात पाऊस कमी म्हणून नानासाहेब पेशव्यांना अठराव्या शतकात कात्रजहून नळ घालून शहरात पाणी आणावं लागलं, आणि त्याच शहराला पूर येतो तो घाटातल्या पावसाचा. पुण्यात साधी रिमझिम चालू असते, वर धरणक्षेत्रात मात्र कोसळत असतो, मग खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली आणि सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर तोच फोटो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते तर अजून घराघरात सांगतात, नदीकाठच्या पेठांमधे पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवणारी म्हातारी माणसं मी स्वतः पाहिलीयेत.

पुणेकर मात्र गार हवेचं क्रेडिट उंचीला देतात, ५६० मीटर वगैरे. अहो, सोलापूर पण साडेचारशेच्या वर आहे, शंभर मीटरने पाऊण डिग्रीचा फरक पडला तर पडला, मग तिकडे मे महिन्यात रात्री सुद्धा भट्टी का? उंचीचा हात आहेच, पण माझ्या मते मोठा फरक जागेचा. पुणं घाटाला लागून, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसभर भाजून निघालं तरी संध्याकाळी समुद्राकडचा वारा घाट ओलांडून इथवर पोचतो. आणि थंडीत कोरडी हवा, निरभ्र आकाश, जमीन रात्रीत भराभर निवते, टेकड्यांवरची गार हवा खाली उतरून खोलगट भागात साचते, म्हणून पाषाणला स्वेटर घालून निघालेला माणूस मगरपट्ट्याला पोचेपर्यंत तो काढून हातात धरतो.